हमीद, कुब्रा, कमला आणि आपण : स्वतःची किंमत कोण ठरवतं?

आठवी-नववीतल्या मुलाला सरळ विचारून बघा, "बाळा, तुला स्वतःबद्दल काय वाटतं?" तो खाली बघेल, नखं कुरतडेल, फार तर "काही नाही" म्हणेल. त्याच मुलाला विचारा, "कार्टूनमधलं कोण तुला तुझ्यासारखं वाटतं?" आता उत्तर पटकन येतं. आम्ही शिक्षक मंडळी हे उत्तर वर्षानुवर्षं ऐकतोय आणि त्यात एक नाव पुन्हा पुन्हा येतं. नोबिता.

नोबिता म्हणजे 'डोरेमॉन'मधला चष्मेवाला मुलगा. फुजिको एफ. फुजिओ या जपानी चित्रकथाकाराने १९६९ मध्ये ही मालिका सुरू केली आणि आज ती आपल्या घराघरांत हिंदी बोलते. नोबिताला परीक्षेत शून्य मिळतं. मैदानात त्याला बॉल पकडता येत नाही. जियान त्याला धोपटतो, सुनिओ टोमणे मारतो, घरी आई रागावते. मग भविष्यातून आलेला निळा मांजर-रोबो खिशातून एखादं यंत्र काढून देतो. गंमत अशी की त्या यंत्राने नोबिताचं फारसं भलं होत नाही, बहुतेक वेळा तो आणखी गोत्यात येतो. तरी मुलं त्याच्यावर जीव टाकतात. कारण "नोबिता ढ आहे" असं म्हणणं सोपं आहे. "मी ढ आहे" हे म्हणायला जीभ उचलत नाही.

गोष्टीतली पात्रं आपल्याला असा आडोसा देतात. त्यांच्याबद्दल बोलता बोलता आपण स्वतःबद्दल बोलून जातो. मुलंच नव्हे, आपण मोठी माणसंही. म्हणून या लेखात काही पात्रांकडे एका ठरावीक प्रश्नाने बघू या : या माणसाची किंमत कोणी ठरवली, आणि कोणत्या मापाने?

एक भावना, दोन भाषा

आपण कमी आहोत, ही जी आतली टोचणी असते, तिला मराठीत 'न्यूनगंड' म्हणतात आणि उर्दूत 'एहसास-ए-कमतरी'. मराठी शब्द जरा दवाखान्यातला वाटतो, उर्दू शब्द शेरोशायरीतला. पण दुखणं एकच.

या दुखण्याचा पहिल्यांदा नीट विचार करणाऱ्यांत आल्फ्रेड अ‍ॅडलर या डॉक्टरांचं नाव येतं. १८७० साली व्हिएन्नाजवळ जन्मलेल्या अ‍ॅडलर यांना लहानपणी मुडदूस झाला होता. चालायला उशीर झाला, इतर मुलांसारखं पळता येईना. पुढे त्यांनी मांडलं की कमीपणाची भावना प्रत्येक माणसाला असतेच. मूल लहान असतं, भोवतालचे सगळे मोठे आणि ताकदवान असतात, त्यामुळे "मी छोटा आहे" हा पहिला धडा सगळ्यांनाच मिळतो. ही भावना माणसाला पुढेही ढकलते. चालायला, बोलायला, शिकायला लावते. बिघाड तेव्हा होतो जेव्हा माणूस त्या भावनेतच अडकून पडतो. मग तो एकतर गप्प बसतो, नाहीतर उगाच छाती फुगवून फिरतो. अ‍ॅडलर यांच्या मते अतिगर्वाच्या मागेही बऱ्याचदा हीच टोचणी लपलेली असते. आपल्या उर्दूत 'खुद्दारी' आणि 'गुरूर' असे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नाहीत.

दुसरं नाव विल्यम जेम्स यांचं. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० सालच्या आपल्या ग्रंथात एक साधा भागाकार मांडला : माणसाला स्वतःबद्दल किती बरं वाटतं? तर त्याने मिळवलेलं यश भागिले त्याने धरलेली अपेक्षा. आपल्या घरात हे रोज दिसतं. ज्या घरात साठ टक्क्यांची अपेक्षा आहे तिथे सत्तर मिळाले की पेढे वाटतात. ज्या घरात पंच्याण्णव हवे होते तिथे नव्वद मिळालेली मुलगी दार लावून रडते. जेम्स यांनी स्वतःचंच उदाहरण दिलं होतं. मानसशास्त्रात कोणी आपल्यापेक्षा जास्त जाणतं हे कळलं की त्यांना लागायचं, पण ग्रीक भाषा आपल्याला येत नाही याची त्यांना अजिबात लाज वाटत नव्हती. कारण तो त्यांचा दावाच नव्हता.

आता प्रश्न उरतो की या भागाकारातली खालची संख्या, म्हणजे अपेक्षा, कोण लिहितं? आपण लिहितो, की आपल्या हातून कोणी लिहून घेतं? इथे गोष्टी आपल्याला मदत करतात.

हमीद : तीन पैसे आणि एक चिमटा

प्रेमचंदांची 'ईदगाह' १९३३ सालची. उर्दू असो की हिंदी, शाळेत शिकलेल्या बहुतेकांना ती माहीत आहे. चार-पाच वर्षांचा हमीद, आई-वडील वारलेले, घरात म्हातारी दादी अमीना. ईदच्या दिवशी गावातली पोरं तीन कोसांवरच्या ईदगाहला निघतात. हमीदच्या खिशात तीन पैसे. महमूद शिपायाचं खेळणं घेतो, मोहसीन भिश्ती घेतो, नूरे वकील घेतो. हमीद झोपाळ्यात बसत नाही, मिठाई खात नाही. दादीची बोटं तव्यावर भाजतात हे त्याला आठवतं आणि तो लोखंडाचा चिमटा घेतो. दुकानदार सहा पैसे सांगतो, हमीद तीनवर आणतो.

वर्गात ही गोष्ट शिकवताना आम्ही साधारणपणे 'त्याग' हा शब्द फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. पण स्वतःच्या किमतीच्या प्रश्नाने वाचली तर गोष्टीत आणखी बरंच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, हमीदला काही वाटतच नाही असं नाही. त्याचं मन खेळण्यांकडे ओढतं. तो खेळण्याला हात लावू पाहतो, दुसरी पोरं लावू देत नाहीत. मिठाईच्या वेळी त्याची थट्टा होते. मग तो मनाची समजूत घालतो की मातीची खेळणी पडली की फुटणार, मिठाईने तोंड येणार. आपण सगळे हेच करतो. जे परवडत नाही ते "आपल्याला नकोच होतं" असं म्हणतो. प्रेमचंदांनी हे लपवलं नाही. त्यामुळेच हमीद खरा वाटतो.

दुसरी गोष्ट, परतीच्या वाटेवरचा वाद. चिमटा बघून पोरं हसतात. तेव्हा हमीद चिमट्याला सिंह करतो, पहिलवान करतो, शिपाई-वकिलांना लोळवतो. बोलण्यात तो सगळ्यांना हरवतो. आता तीच पोरं आपली खेळणी पुढे करून चिमटा हातात मागतात. इथे मापच बदललं, हे लक्षात घ्या. आतापर्यंत खिशातल्या पैशांवर मोजणी चालली होती. हमीदने "काय टिकणार, काय कामाला येणार" हे माप पुढे आणलं. पैसे तेवढेच राहिले, पण मोजपट्टी दुसरी झाली.

तिसरी गोष्ट आम्हाला शिक्षक म्हणून जास्त टोचते. शेवटी दादी रडते आणि प्रेमचंद सुचवतात की तिथे लहान हमीद म्हातारा झाला होता आणि म्हातारी अमीना लहान मुलगी. वाचताना डोळे भरून येतात. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला म्हातारं व्हावं लागतंय, ही काही आनंदाची बातमी नाही. आपल्या मोहल्ल्यांत असे खूप हमीद आहेत. शाळा सुटली की गॅरेजवर जाणारे, बहिणीच्या फीसाठी आपलं कॉलेज सोडणारे. त्यांचं कौतुक करायलाच हवं. मात्र "तू कामाला येतोस म्हणून तू चांगला" एवढंच त्यांच्या कानावर पडलं, तर कामाला न आलेल्या दिवशी त्यांना स्वतःची लाज वाटायला लागते. हमीदने चिमट्याऐवजी मिठाई खाल्ली असती तरी तो अमीनाचा लाडकाच राहिला असता. हे वाक्य गोष्टीत नाही. ते आपण वर्गात आणि घरात जोडायचं आहे.

कुब्रा : जिची किंमत दुसऱ्यांच्या हो-नाहीवर टांगली

हमीदला निदान आपलं माप पुढे करता आलं. सगळ्यांना ते जमत नाही. इस्मत चुगताई (१९१५–१९९१) यांची 'चौथी का जोडा' ही कथा अशा एका मुलीची आहे. लग्नानंतर चौथ्या दिवसाच्या रिवाजाला नवरीने घालायचा पोशाख म्हणजे चौथीचा जोडा. कुब्राची आई, बी अम्माँ, कापड बेतण्यात अशी तरबेज की अख्ख्या मोहल्ल्यातल्या बायका अडलेलं कापड घेऊन तिच्याकडे येतात. स्वतःच्या मुलीचा जोडा मात्र पेटीतच पडून राहतो, कारण स्थळ येत नाही. घरचा कर्ता पुरुष वारलेला, घरात गरिबी.

मग मामाचा मुलगा राहत पाहुणा म्हणून येतो. घरातलं होतं नव्हतं ते विकून त्याला पराठे-कोफ्ते खाऊ घातले जातात. कुब्रा पहाटे उठून त्याच्यासाठी राबते, त्याची खोली झाडते, आणि त्याच्यासमोर येत नाही. सगळ्या घराची आशा त्याच्या एका होकारावर. तो खातो, राहतो, आणि निघून जातो. त्याचं लग्न दुसरीकडे ठरलेलं असतं. कुब्रा आतून आधीच खंगलेली असते. ती जाते, आणि बी अम्माँ पुन्हा एकदा चौकीवर पांढरं कापड पसरते. या वेळी ते कफन असतं.

कुब्राकडे काय कमी होतं? हुन्नर होतं, मेहनत होती, माया होती. तरी ती आपण घरावर ओझं आहोत अशा नजरेने वावरते. तिच्यावर 'न आलेलं स्थळ' ही एकच चिठ्ठी चिकटवली गेली आणि ती तिने वाचता वाचता खरी मानली. अ‍ॅडलर ज्या अडकून पडण्याबद्दल बोलतात, ते असं दिसतं. इस्मत आपांनी कुब्राच्या तोंडी भाषणं घातली नाहीत. तिची चुप्पीच लिहिली. त्यामुळे होतं असं की तिच्या वाट्याचा राग वाचणाऱ्याला येतो. "अगं, तू त्याच्या पराठ्यांपेक्षा मोठी आहेस," असं आपण तिला मनातल्या मनात सांगायला लागतो.

आणि इथेच गोष्टीचा खरा उपयोग आहे. जी मुलगी स्वतःला हे वाक्य सांगू शकत नाही, ती कुब्राला सांगू शकते. एकदा तिने ते कुब्राला सांगितलं की त्यातलं थोडंसं तिच्याही कानात राहतं. ज्या घरात मुली दाखवण्याचा कार्यक्रम होऊन "कळवतो" म्हणून गेलेल्यांचा फोन येत नाही, त्या घरातल्या मुलीला उपदेशाआधी ही कथा वाचायला द्यावी. आणि आधी तिच्या अम्मी-अब्बांनी ती वाचावी, हे जास्त बरं.

नाव लपवून मिळालेला मान

कधी माणसाला मान मिळतो, पण तो त्याला स्वतःच्या खात्यात जमा करता येत नाही. बाबुराव बागुल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेचा हाच विषय. कथेतला तरुण दलित आहे. गुजरातमध्ये रेल्वेच्या नोकरीवर तो जातो आणि जात लपवतो. लोक त्याला वरच्या जातीचा समजून जवळ करतात, मान देतात. पण या मानाच्या प्रत्येक घोटाबरोबर भीती येते, की कळलं तर? त्याच ठिकाणी काशीनाथ हा दुसरा तरुण आहे. तो जात लपवत नाही. त्याला पावलोपावली त्रास होतो, भांडणं होतात, पण त्याला रात्री ही भीती नाही. शेवटी खरं बाहेर येतं आणि कथेतल्या नायकाला बेदम मारहाण होते. काल जवळचे म्हणवणारेच त्यात असतात.

ही कथा जातीची आहे, आणि तिचा तो संदर्भ पुसून ती वाचू नये. ज्या दुखण्यातून ती आली ते दुखणं वेगळं आणि फार जुनं आहे. तरीही तिच्यातली एक खूण आपल्याकडची मुलं लगेच ओळखतात. फोनवर वस्तू विकण्याच्या नोकरीत दुसरंच नाव घेऊन बोलणारा तरुण. पत्ता विचारला की मोहल्ल्याचं नाव न घेता शेजारच्या कॉलनीचं नाव सांगणारी मुलगी. उर्दू माध्यमातून अकरावीला आलेला आणि आपल्या मराठीला कोणी हसू नये म्हणून वर्षभर शेवटच्या बाकावर गप्प बसलेला विद्यार्थी. यांना आम्ही भित्रे म्हणणार नाही. घर भाड्याने मिळवायचं असतं, नोकरी टिकवायची असते. बागुलांची कथाही त्या तरुणाला भित्रा ठरवत नाही, ती त्याला लपायला लावणाऱ्यांकडे बोट दाखवते. पण ती हेही दाखवते की मुखवट्याला मिळालेली शाबासकी मुखवट्यालाच मिळते. आतला माणूस उपाशीच राहतो.

कमला खान : ताकद मिळाली आणि ती दुसरीच झाली

आपलं रूप, नाव, घर बाजूला ठेवून दुसऱ्यासारखं व्हावं, ही ओढ फक्त आपल्याकडची नाही. आपल्या मुलांच्या मोबाइलवर जगभरच्या गोष्टी येतात, त्यातलंच एक पात्र या बाबतीत फार बोलकं आहे. अमेरिकेतल्या मार्व्हल कॉमिक्समधली कमला खान. न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी आई-बापांची सोळा वर्षांची मुलगी. ती २०१३ मध्ये पहिल्यांदा दिसली आणि २०१४ मध्ये 'मिस मार्व्हल' म्हणून तिची स्वतंत्र मालिका सुरू झाली. सना अमानत या संपादक, जी. विलो विल्सन या लेखिका आणि एड्रियन अल्फोना हे चित्रकार, यांनी तिला घडवलं. २०२२ मध्ये तिच्यावर वेब मालिकाही आली.

कमला शाळेत वेगळी पडते. डब्यावरून, घरच्या शिस्तीवरून, नावावरून. मग तिला अचानक ताकद मिळते. ती आपलं रूप बदलू शकते. आणि पहिल्याच झटक्यात ती काय होते? सोनेरी केसांची, गोरी, तिची आवडती नायिका कॅप्टन मार्व्हल. ताकद तिची स्वतःची असते, पण तिच्या मनात ताकदवान माणसाचं चित्र स्वतःसारखं नसतं.

कॉमिकमध्ये हे फार गंमतीने दाखवलंय. ते रूप तिला सुखाचं नसतं. केस तोंडावर येतात, बूट बोचतात, कपडे टोचतात. हळूहळू तिला उमगतं की दुसऱ्याच्या कातड्यात राहणं दमवणारं आहे. पुढे ती स्वतःचा पोशाख बनवते, तोही घरातल्या बुरकिनीपासून. चेहरा तिचाच राहतो. या मालिकेच्या पहिल्या खंडाला २०१५ मध्ये विज्ञानकथांसाठीचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

आमच्या वर्गातल्या मुलींच्या हातात कॉमिक नसतं, फिल्टरवाला कॅमेरा असतो. एका बोटाने रंग उजळ, नाक बारीक, डोळे मोठे. रोज शंभरदा स्वतःचा 'सुधारलेला' चेहरा बघणाऱ्या मुलीला आरशातला चेहरा नापास वाटू लागतो. तिला "मोबाइल ठेव" एवढंच सांगून भागत नाही. कमला सोनेरी केसांत का गेली आणि परत का आली, यावर तिच्याशी गप्पा मारा. ती बरंच काही बोलेल.

सिकंदर : एकट्याने न सुटणारं गणित

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, सगळं मनावरच आहे तर मन घट्ट करा, झालं. तसं नाही. एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' ज्यांनी पाहिलाय त्यांना हे माहीत आहे. इस्मत चुगताईंच्या एका अप्रकाशित कथेवर कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी तो लिहिला. फाळणीनंतरचं आग्रा. बलराज साहनींनी साकारलेले सलीम मिर्झा चपला-बुटांचा कारखाना चालवतात. नातेवाईक एकेक करून पाकिस्तानात जातात, हवेली हातची जाते, कर्ज मिळत नाही. धाकटा मुलगा सिकंदर शिकलेला आहे, नोकरीसाठी उंबरे झिजवतो आणि प्रत्येक ठिकाणी नकार घेऊन येतो.

सिकंदरमध्ये काही कमी नाही. दारं बंद आहेत. अशा तरुणाला "स्वतःवर विश्वास ठेव" असं सांगत राहणं म्हणजे दोष पुन्हा त्याच्याच माथी मारणं. चित्रपटाच्या शेवटी सलीम मिर्झाही हार मानून स्टेशनकडे निघतात. वाटेत रोजगार मागणाऱ्यांचा मोर्चा दिसतो. सिकंदर टांग्यातून उतरून त्यात जातो, मग सलीम मिर्झाही जातात. त्या क्षणी त्यांना नोकरी मिळत नाही, कर्ज मिळत नाही. पण आपल्यावर जे आलंय ते आपल्या एकट्याच्या नालायकीमुळे आलेलं नाही, हे त्यांना आजूबाजूचे चेहरे बघून कळतं. न्यूनगंड उतरवायला कधी कधी एवढं कळणंही पुरतं.

किंमत आणि कदर

या सगळ्यांना शेजारी शेजारी बसवलं की एक गोष्ट दिसते. कमीपणा यांच्यातल्या कोणीही पोटातून घेऊन आलेलं नाही. हमीदला तो खिशाने शिकवला, कुब्राला लग्नाच्या बाजाराने, बागुलांच्या नायकाला जातीने, कमलाला शाळेतल्या नजरांनी, सिकंदरला बंद दारांनी. दुसऱ्याचं माप त्यांनी गिळलं आणि ते पोटात टोचत राहिलं. ज्यांची सुटका झाली ती गुण वाढून झाली नाही. हमीदचे पैसे वाढले नाहीत, कमला गोरी झाली नाही. त्यांनी मोजपट्टी तपासून पाहिली.

'किंमत' आणि 'कदर' हे दोन्ही शब्द अरबीतून उर्दूत आणि मराठीत आले. रोजच्या बोलण्यात आपण त्यांची सरमिसळ करतो. पण किंमत बाजारात ठरते, आज चढते, उद्या उतरते. कदर माणूस माणसाची करतो, आणि तिला भाव लागत नाही. आपल्या मुलांना किंमत रोज कळते. निकालात कळते, फीच्या पावतीत कळते, सोसायटीच्या गेटवर कळते. कदर मात्र घरात आणि शाळेत मिळाली तरच मिळते.

म्हणून मुलांपुढे ठेवायच्या गोष्टी निवडतानाही जरा सावध राहिलं पाहिजे. चष्मा काढला, केस मोकळे सोडले आणि साधी मुलगी सगळ्यांना आवडू लागली, अशा सिनेमांतून मुलगी शिकते की आधीची ती चालणार नव्हती. 'तारे जमीन पर' (२००७) हा फार चांगला चित्रपट. वाचताना अक्षरं उलटसुलट होणाऱ्या मुलांचं दुःख त्याने घरोघरी पोचवलं. पण शेवटी ईशान चित्रकलेत पहिला येतो. मग ज्या मुलाला वाचनही जमत नाही आणि चित्रही येत नाही, त्याचं काय? तोही आपल्याच वर्गात बसलेला असतो. कदाचित म्हणूनच त्याला नोबिता जवळचा वाटतो. नोबिता शून्य घेऊन घरी येतो, बोलणी खातो, आणि रात्री त्याच घरात जेवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत जातो. कोणी त्याला घरातून वजा करत नाही.

घरात आणि वर्गात काय करता येईल?

गोष्ट सांगून झाली की आपण लगेच विचारतो, "यातून काय बोध घेतला?" मूल पाठ केलेलं उत्तर देतं आणि विषय संपतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारून बघा. या पात्राला कमी कोणी ठरवलं? कोणत्या मापाने ठरवलं? आणि तुझ्या हातात असतं तर तू त्याला काय म्हणाला असतास? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. बहुतेक वेळा तेच वाक्य मुलाला स्वतःसाठी हवं असतं.

पात्राचा वापर टोमण्यासाठी करू नका. "बघ, हमीद एवढासा होता, त्याला दादीची काळजी होती, आणि तू?" असं म्हटलं की हमीद मुलाचा मित्र राहत नाही, तो शेजारचा हुशार मुलगा होतो. मुलाने ज्या पात्राशी नातं जोडलंय त्याची थट्टाही करू नका. "नोबिता? तो तर ढ आहे" असं आपण म्हणालो, तर पुढच्या वेळी ते नावही आपल्यापर्यंत येणार नाही.

घरात वर्तमानपत्र मराठी येत असेल आणि बोलणं उर्दूत होत असेल, तर गोष्टीही दोन्ही भाषांतल्या असू द्या. प्रेमचंद आणि बागुल, इस्मत आपा आणि आपले मराठी लेखक एकाच फळीवर ठेवा. दोन भाषा येणं हे ओझं नाही, कमाई आहे, हे मुलाला असं न सांगता कळतं.

आणि एक गोष्ट गांभीर्याने. पात्राच्या आडून बोलता बोलता एखादं मूल "मी नसतो तर बरं झालं असतं" अशा वळणावर आलं, खाणं-झोपणं बिघडलं, सगळ्यांपासून तुटू लागलं, तर तिथे गोष्टी पुरत नाहीत. त्याला रागावू नका, लोक काय म्हणतील याचा विचार करू नका. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. ताप आला की आपण डॉक्टरांकडे जातो. यातही लाजण्यासारखं काही नाही.

येत्या सुट्टीत एखाद्या संध्याकाळी 'ईदगाह' घरात मोठ्याने वाचा. दादी-नानी असतील तर त्यांनाही जवळ बसवा. वाचून झालं की मुलांना विचारा, तीन पैसे तुझ्याकडे असते तर तू काय घेतलं असतंस? कोणी चिमटा म्हणेल, कोणी शिपाई म्हणेल, एखादा प्रामाणिकपणे रेवडी म्हणेल. त्याचं उत्तर दुरुस्त करू नका. फक्त विचारा, का रे? आणि मग ऐकत बसा.